एक मोबाइल, चौतीस मुलं आणि एक भाकरी : वर्गात डिजिटल साक्षरता कशी सुरू करावी

पहिल्या वर्षी मी सातवीच्या मुलांकडून ‘पाणी वाचवा’ या विषयावर स्लाइड करून घेतल्या. अठरा स्लाइड. प्रत्येकीवर भिरभिरत येणारी अक्षरं, नेटवरून उचललेला एक गळका नळ आणि मागे सिनेमातलं रडकं संगीत. केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत टाळ्या पडल्या. घरी आल्यावर मात्र चुटपुट लागली. आमचा तालुका माण, साताऱ्याचा दुष्काळी पट्टा. मुलांच्या दारात टँकर येतो, आणि स्लाइडवर नळ कुठल्या तरी परक्या देशातला! त्या महिनाभरात मुलं कॉपी-पेस्ट तेवढं शिकली.

त्यानंतर चार वर्षं चुकतमाकत एक पद्धत बसली. नव्याने रुजू झालेले शिक्षक फोन करून विचारतात, “बाई, नेमकी सुरुवात कुठून करायची?” त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमच्याकडे पट चौतीस आणि चालता फोन एक, तोही माझा. तुमच्याकडे टॅबची पेटी असेल तर उत्तमच, पण तिच्यासाठी थांबू नका.

प्रशिक्षणात ‘बहुमाध्यमी साक्षरता’ हा शब्द आला की सगळे वहीत मान घालतात. गोष्ट साधी आहे. अर्थ फक्त अक्षरांतून पोचत नाही. चित्र, आवाज, हालचाल, मांडणी यांतूनही पोचतो, आणि हे सगळं वाचता आणि करता यायला हवं. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र उचलून धरतात आणि वाद्याच्या साथीने रामायण-महाभारतातली कथा गातात. म्हणजे आपल्याला हे नवं नाही. नवं आहे ते यंत्र, आणि त्या यंत्रातून खोटंही तितक्याच सफाईने पसरतं ही भानगड.

काय काय लागेल

- एक स्मार्टफोन, त्यात किमान तीन-चार जीबी जागा मोकळी
- फोन टेकवायला दोन विटा आणि एक जाड रबर (स्टँडवर पैसे घालवू नका)
- जुना इअरफोन, ज्याच्या वायरवर माइक आहे असा
- पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा, पेन्सिली
- मराठी कळफलक असलेलं कोणतंही अॅप. शाळेत संगणक असेल तर लिब्रेऑफिस आणि आवाजाची कापाकापी करायला ऑडॅसिटी, दोन्ही फुकट

कोणते कागद तयार ठेवाल

- मुख्याध्यापकांची लेखी परवानगी
- शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विषय मांडल्याची इतिवृत्तातली नोंद
- प्रत्येक पालकाचं सहीचं संमतीपत्र
- ज्यांचं चित्रीकरण किंवा मुलाखत करणार त्या मोठ्या माणसांचीही संमती. तोंडी असेल तर तीच आधी रेकॉर्ड करा

१. कुणाच्या घरी काय आहे ते आधी विचारा

“घरी फोन आहे का?” असं विचारलं की सगळे हात वर होतात. “संध्याकाळी पाच वाजता फोन कुठे असतो?” असं विचारा. तेव्हा कळतं की तो वडिलांबरोबर शेतात किंवा ट्रकवर आहे, आठला घरी येतो आणि तेव्हा चार्जिंग संपलेलं असतं. माझ्या वर्गात संध्याकाळी फोन हातात येणारी मुलं नऊ निघाली.

यातून एक नियम ठरवून टाका : फोनवर करायचा गृहपाठ द्यायचा नाही, कधीच. फोनचं काम शाळेत, बाकीचं घरी. घरी करता येण्याजोगं भरपूर असतं. ऐकणं, विचारणं, चित्र काढणं, वहीत लिहिणं.

२. संमतीपत्र, आणि तेही नीट

इथे मी तोंडघशी पडले आहे. एका मुलीचं भाषण छान झालं म्हणून व्हिडिओ मी स्वतःच्या स्टेटसला ठेवला. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत. त्या घरात काही वाद चालू होता आणि मुलगी कुठे शिकते हे कुणाला कळू नये म्हणून त्या माउलीने गाव बदललं होतं. मला काय माहीत? पण माहीत नसणं ही सबब होत नाही. व्हिडिओ स्टेटसवरून काढून टाकला, माफी मागितली. शंभर-एक जणांनी तो तोवर पाहिला होता.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरतो आणि त्यांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. कायदा बाजूला ठेवला तरी संमतीपत्रात तीन प्रश्न वेगवेगळे विचारा : आवाज रेकॉर्ड करू का? चेहरा दिसला तर चालेल का? शाळेबाहेर दाखवू का? तिन्हींपुढे हो आणि नाही अशा दोन चौकटी ठेवा. एकच सरसकट सही घेतली की पालक बिचारे ‘बाई म्हणतात म्हणून’ करून टाकतात. सहीऐवजी अंगठा देणारे असतील तर पत्र मोठ्याने वाचून दाखवा.

‘नाही’ म्हणणाऱ्याचं मूल बाजूला बसवायचं नाही. त्याने फोन धरावा, आवाज द्यावा, किंवा नुसते हात चित्रित व्हावेत. आमच्या सगळ्यात चांगल्या व्हिडिओत एकही चेहरा नाही.

३. विषय हाताने करायचा घ्या

‘प्रदूषण’, ‘स्वच्छता’, ‘माझा देश’ हे विषय टाळा. त्यांवर मुलं ऐकलेलं बोलतात. गावात कुणीतरी हाताने करतं अशी गोष्ट घ्या : गोधडी शिवणं, मोटारीचं पंक्चर काढणं, मेंढीची लोकर कातरणं, म्हशीचं दूध काढणं. आम्ही बाजरीची भाकरी घेतली. प्रत्येक घरात होते आणि प्रत्येक घरात थोडी निराळी होते, म्हणून वाद घालायला जागा राहते.

४. एकच गोष्ट चार वेळा सांगायला लावा

हाच या कामाचा गाभा. बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा, आणि त्याला दोन आठवडे द्या.

*पहिल्यांदा शब्दांत.* “भाकरी कशी करतात ते असं लिहा की जिने कधी पाहिली नाही तिला जमेल.” मुलांना वाटतं, सोपं आहे. मग मी वर्गात परात, पीठ आणि कोमट पाणी आणते आणि ज्याने लिहिलंय त्याच्याच शब्दांबरहुकूम करते. “पीठ घ्या, पाणी टाका, मळा.” किती? मी तांब्याभर ओतते. पीठ वाहायला लागतं. वर्गात हलकल्लोळ. “बाई, एवढं न्हाई!” मग लिहिलंस का तसं? पुढच्या खेपेला ‘लागेल तसं’, ‘कानाच्या पाळीइतकं मऊ’, ‘तळवा भिजवून’ असे शब्द येऊ लागतात. कानाच्या पाळीची उपमा एका मुलीने आजीकडून आणली होती. मला ती अजून कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलेली नाही.

*दुसऱ्यांदा आवाजात.* घरी जाऊन फक्त ऐकायचं, डोळे मिटून. भाकरी थापतानाचा आवाज सुरुवातीला कसा आणि शेवटी कसा? एकाने सांगितलं, आधी ‘थप्‌ थप्‌’ जड वाजतं, भाकरी पातळ होत गेली की ‘टप टप’ वाजतं. हे त्याच्या लेखात नव्हतं. मग शाळेत एका ताईंना बोलावून तो आवाज रेकॉर्ड केला.

*तिसऱ्यांदा चित्रात.* सहा चौकोन आखून द्या आणि सांगा की सहाच चित्रांत भाकरी पूर्ण झाली पाहिजे. सहा हा आकडा मुद्दाम कमी आहे. काय गाळायचं यावर गटात जुंपते आणि ती जुंपू द्यायची. चित्र काढता येत नाही म्हणणाऱ्यांना फोनने सहा फोटो काढू द्या. एक पोरगं म्हणालं, “बाई, मळण्याचा आणि थापण्याचा फोटो सारखाच दिसतोय.” बरोबर आहे. फोटोत हात थांबलेला असतो. मग बाण काढायचा की खाली शब्द लिहायचा? त्याने दोन्ही केलं. अक्षर आणि चित्र एकमेकांना कुठे टेकू देतात हे त्याला तिथे कळलं, आणि मला ते एकदाही समजावून सांगावं लागलं नाही.

*चौथ्यांदा हलत्या चित्रात.* नव्वद सेकंदांचा व्हिडिओ. आधीचे सहा चौकोन हाच आराखडा. आराखड्याशिवाय फोन हातात द्यायचा नाही, यावर ठाम राहा.

चारही झाल्यावर फळ्यावर चार रकाने आखा आणि एकच प्रश्न विचारा : कशात काय कळलं आणि कशात काय सुटलं? कोमटपणा व्हिडिओत दिसत नाही, तो शब्दांतच सांगावा लागतो. हाताचा फिरता दाब शब्दांत सापडत नाही. वास तर कशातच नाही. हा फळा पुसू नका, दोन दिवस राहू द्या.

शिकण्यात अडथळे असलेली मुलं इथे खुलतात, हे जाताजाता सांगते. लेखात चार ओळींपलीकडे न जाणारा एक मुलगा आवाजाच्या कामात वर्गाचा उस्ताद झाला.

५. टायपिंग : घाई करू नका

आवाजाने टाइप करण्याची सोय आता मराठीत चांगली चालते. जरूर वापरा, पण उलट्या बाजूने. मुलाने बोलावं, फोनने लिहावं, आणि मग मुलाने फोनचा पेपर तपासावा. यंत्राच्या चुका काढायला मुलांना जो आनंद होतो तो शुद्धलेखनाच्या तासाला कधी पाहिला नाही. माणदेशी बोली तर फोनची हमखास दांडी गुल करते, आणि प्रमाणभाषा म्हणजे काय यावर फुकटात चर्चा होते.

हाताने टाइप करताना एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवा : ऱ्य. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. पहिल्यात नेहमीचा र, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग य. कळफलकावर हा ऱ बहुतेक वेळा र दाबून धरला की सापडतो. संगणकावर इनस्क्रिप्ट कळफलक घ्या : स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आठवडाभरात बोटं बसतात.

सापळा : शाळेच्या जुन्या संगणकावर डीटीपीचे जुने फॉन्ट असतात. त्यांत टाइप केलेलं दुसरीकडे नेलं की इंग्रजी अक्षरांची भेळ होते, कारण ते युनिकोड (सगळ्या यंत्रांवर सारखीच वाचली जाणारी अक्षरांची पद्धत) नाहीत. आमचं आख्खं हस्तलिखित असं गेलं. युनिकोडमध्येच टाइप करा. देखणा फॉन्ट हवा असेल तर ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ फुकट मिळतात.

६. रेकॉर्डिंगचा दिवस

फोन विमान मोडवर टाका. ऐन भाकरी फुगताना माझ्या नणंदेचा फोन आला होता.

पंखा बंद, खिडक्या बंद. पत्र्याच्या वर्गात पावसाळ्यात आवाज रेकॉर्ड करण्याचा नाद सोडा. आमची उत्तम जागा म्हणजे पोषण आहाराच्या तांदळाची खोली. पोती आवाज गिळतात. फोन आडवा धरायचा की उभा हे आधी ठरवा. मोठ्या पडद्यावर दाखवायचं असेल तर आडवा. निम्मे तुकडे उभे आणि निम्मे आडवे असले की जोडताना रडायची पाळी येते. उजेड चित्रित होणाऱ्यावर पडला पाहिजे, मागून नाही. चुलीपुढे हे सांभाळणं अवघड जातं, म्हणून सकाळी नऊच्या आत उरकून घ्या.

फोन कुणी धरायचा? लक्ष ठेवलं नाही तर दर वेळी तीच दोन मुलं कॅमेऱ्यामागे जातात आणि मुली वहीत लिहीत बसतात. आमच्याकडे चिठ्ठी टाकतात. नाव निघालं की कुरकुर चालत नाही.

७. कापाकापी, आणि कापाकापीने होणारा घात

फोनमधल्या गॅलरीतच व्हिडिओ कापता येतो, तुकडे जोडायला मात्र काही फोनवर वेगळं अॅप लागतं. प्रत्येक गटाला तेच तुकडे द्या आणि सांगा, एका गटाने ‘ताई सुगरण आहेत’ असं वाटेल असा व्हिडिओ जोडायचा, दुसऱ्याने ‘ताईंना काही येत नाही’ असं वाटेल असा. ताईंना आधी विचारून ठेवा, आमच्या ताई खो खो हसल्या आणि म्हणाल्या, “करा की, नवऱ्याला दाखवते.” दुसऱ्या गटाने फक्त मोडलेली भाकरी, पोळलेलं बोट आणि एक सुस्कारा जोडला. एकही चित्र खोटं नाही, आणि तरी सगळं खोटं!

वर्ग गप्प झाला की पुढचं सांगायची वेळ झाली असं समजा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून जगणारे लोक होते. त्या काळात देशभर एक व्हिडिओ फिरत होता : मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरचं मूल उचलून नेतात. तो मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेला जनजागृतीचा व्हिडिओ होता. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. तेवढाच शेवट कुणीतरी कापला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एकावेळी पाचच जणांना किंवा गटांना संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली.

मारहाणीची दृश्यं मुलांना दाखवू नका. कापलेल्या शेवटाची गोष्ट पुरते. पाचवी-सहावीला तर राईनपाड्याचं नावही न घेता नुसती कापलेल्या व्हिडिओची कहाणी सांगा.

मग तपासायची सवय लावा. माझ्या वर्गाच्या भिंतीवर एवढंच लिहिलंय :

- याच्या आधी आणि नंतर काय झालं असेल?
- हे कुणी, कधी, कुठे टिपलं?
- दुकानाच्या पाट्या कोणत्या लिपीत आहेत? गाड्यांचे नंबर कुठले?
- मला राग किंवा भीती वाटतेय का? मग दहा मिनिटं थांब.

फोटो असेल तर गूगल लेन्समध्ये टाकून तो आधी कुठे आला होता ते शोधता येतं. संदेशावर दोन बाण असतील तर तो फार हातांतून फिरून आला आहे, हेही मुलांना ओळखता येऊ लागतं. पीआयबी (केंद्राचं पत्र सूचना कार्यालय) फॅक्ट चेक हा पर्याय आहे, पण तो केंद्र सरकारशी संबंधित दाव्यांपुरता. गावातल्या अफवेसाठी गावातच फोन लावावा लागतो.

फसवणुकीचं बोलणं निघालंच तर दोन नंबर फळ्यावर कायमचे लिहून ठेवा. पैसे गेले तर १९३०, मुलाला कुणी त्रास देत असेल तर १०९८.

८. दुसऱ्याचं वापरताना

‘नेटवर होतं’ हा उगम नव्हे. विकिमीडिया कॉमन्सवरची चित्रं वापरता येतात, पण बहुतेकांखाली कर्त्याचं नाव आणि परवाना लिहावा लागतो. मुलांना तो लिहायची सवय पहिल्या चित्रापासून लावा. चित्र आणि मजकूर एकमेकांशी कसे बोलतात हे दाखवायला बालभारतीच्या ‘किशोर’चे १९७१ पासूनचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. मजकूर झाकून नुसतं चित्र दाखवा, गोष्ट ओळखायला सांगा. एक तास मजेत जातो.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडबद्दल थोडं कडू बोलते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी ज्या कल्पनेला हात घातला ती चांगलीच आहे. पण कोड स्कॅन करून ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-अॅपवरचा व्हिडिओ लावला आणि मुलं गप्प बसली, याला डिजिटल शिक्षण म्हणून अहवालात लिहिणं थांबवलं पाहिजे. व्हिडिओ मध्येच थांबवा. “पुढे काय दाखवतील?” विचारा. “तुम्ही केला असता तर काय वेगळं दाखवलं असतं?” विचारा.

९. चॅटबॉट आलाच आहे, तर

मुलांची खाती काढून देऊ नका. स्वतःच्या खात्यावरून, मोठ्या पडद्यावर, सगळ्यांसमोर प्रश्न विचारा. आम्ही बाजरीच्या भाकरीची कृती विचारली. सुरेख, मुद्देसूद उत्तर आलं आणि त्यात भाकरी लाटण्याने लाटायला सांगितली होती. वर्ग फिदीफिदी हसला. मी विचारलं, हसू का आलं? कारण आपल्याला येते म्हणून. मग जे आपल्याला येत नाही ते विचारलं असतं तर? कुणी बोललं नाही. तो तास तिथेच थांबवला.

१०. गुण

सजावटीला गुण देऊ नका, नाहीतर पुन्हा भिरभिरती अक्षरं येतील. मी चार गोष्टी पाहते : आराखडा होता का, निवडलेल्या माध्यमाचं कारण सांगता येतं का, उगम लिहिलाय का, आणि पहिल्या खर्ड्यानंतर काय बदललं. शेवटच्या गोष्टीला सगळ्यात जास्त गुण.

११. मूळ तुकडे पुसू नका आणि जाणत्या माणसाला दाखवा

व्हिडिओ झाला की फोनची जागा रिकामी करायची घाई होते. थांबा. मूळ तुकड्यांना तारीख आणि विषय असं नाव द्या (‘नवीन-अंतिम-२’ असलं नको) आणि पेनड्राइव्हवर ठेवा.

आम्ही भाकरीचा व्हिडिओ पालकसभेत लावला. चेहऱ्याविना नुसते हात, थापण्याचा आवाज, शेवटी टम्म फुगलेली भाकरी. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत एका मुलाची आजी बसली होती. ती म्हणाली, “समदं झ्याक हाय, पर पाणी कुटं फिरवलंय?”

तव्यावर टाकलेल्या भाकरीच्या वरच्या बाजूला ओला हात फिरवतात, तो तुकडा. तो थोडा हलला होता म्हणून मुलांनी कापून टाकला होता, आणि मीही मान डोलावली होती. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पेनड्राइव्ह काढला आणि चार सेकंदांचा तो हललेला तुकडा परत जोडला. आजीला फोनवर दाखवायला ते पोरगं संध्याकाळी माझ्या मागे घरापर्यंत आलं.